काहिलीला भोक पाडायचं नाही

कोल्हापुरात फ्लॅटची नवीन स्कीम झाली की गेटवर काय येणार हे आता सगळ्यांना पाठ झालंय. फायबरचे दोन घोडे, नाहीतर कारंजं, नाहीतर शड्डू ठोकलेला पैलवान, आणि खाली स्टीलच्या अक्षरात स्कीमचं नाव. आजूबाजूला पन्नास वर्षं राहणाऱ्या माणसांचा त्यात कुठंच हात नसतो, ती येताजाता बघतात आणि पुढं जातात. मी शिल्पकलेचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं आर्किटेक्ट लोकांबरोबर असली कामं करते, म्हणून एका कामाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत काय झालं ते इथं लिहून ठेवते. स्कीमचं आणि माणसांचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

जागा रंकाळ्याच्या पलीकडची, फुलेवाडी रिंगरोडच्या बाजूला, साधारण तीन एकर. आत ऊस आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक गुऱ्हाळ. मालकांच्या पुढच्या पिढीनं ते बंद केलं, कामाला गडी मिळेनात, ऊस कारखान्याला घातला की डोक्याला ताप नाही, गुळाच्या दराचा भरवसा नाही, हे इकडं घरोघरचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं पण गुऱ्हाळं काही त्यानं थांबली नाहीत बंद पडायची. मग जागा बिल्डरकडं गेली, चार इमारती, पुढच्या बाजूला दुकानगाळे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागं कॉलमचं काम चाललेलं आणि कोपऱ्यात गुऱ्हाळाची पत्र्याची शेड, धुराडं, चुलवाण म्हणजे मोठी चूल आणि त्यावर काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई, अजून तशीच होती. शेड महिन्याभरात पाडायची आणि काहील भंगारात घालायची असं ठरलेलं.

मला सांगितलेलं काम असं की गेटजवळ एक पीस करायचाय, बिल्डर साहेबांना बारा फुटी पैलवान पाहिजे, आणि लोकांनापण थोडं सहभागी करून घेऊ. हे दुसरं वाक्य कुठनं आलं तेही सांगते. त्या आधी दोन महिने डंपरची धूळ आणि बुजवलेली गटार यावरनं शेजारच्या वस्तीतल्या पोरांनी साइटचा रस्ता एक दिवस अडवलेला, आणि त्यानंतर साहेबांना वाटलं की लोकांना चांगलं वाटेल असं काहीतरी करावं. म्हणजे सुरुवात काही फार मोठ्या विचारातनं झाली नव्हती. पण सुरुवात कुठनं का होईना, दार उघडलं होतं एवढं खरं.

पहिली मीटिंग मी घेतली ती साफ चुकली. रविवारी सकाळी अकराला साइट ऑफिसात, खुर्च्या मांडल्या, वडापाव आणला, आणि तीन डिझाइनचे रंगीत प्रिंट भिंतीवर चिकटवले, पैलवान, उसाच्या कांड्यांचं स्टीलचं शिल्प, आणि एक मोठा गुळाच्या ढेपेचा आकार. वीस-बावीस माणसं आली, त्यात बाया दोन. वस्तीतले एक वजनदार काका पैलवानाबद्दल बोलले, कोल्हापूर म्हणजे कुस्ती, खासबाग, शाहू महाराज, सगळं खरंच होतं ते, आणि मग हात वर करायला सांगितल्यावर सगळे हात वर झाले. चाळीस मिनिटात मीटिंग संपली, वहीत सर्वानुमते असं लिहिलं, आणि घरी येताना माझ्या लक्षात आलं की मला या लोकांबद्दल सकाळी जेवढं माहीत होतं तेवढंच आत्ताही माहीत आहे. तयार चित्र दाखवून कुठलं आवडलं विचारणं म्हणजे लोकांना सहभागी करणं नव्हे. त्यात त्यांच्या हातात फक्त बोट दाखवणं उरतं.

कॉलेजात आम्हाला न्यूयॉर्कचं एक उदाहरण शिकवलेलं, तेव्हा ते नुसतं परीक्षेपुरतं वाटलेलं. रिचर्ड सेरा या शिल्पकारानं १९८१ साली तिथल्या सरकारी कचेऱ्यांच्या चौकात १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी गंजणाऱ्या पोलादाची वाकडी भिंत उभी केली, नाव टिल्टेड आर्क. रोज तिथनं जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती वाट अडवणारी वाटली, तक्रारी झाल्या, १९८५ ला जाहीर सुनावणी झाली. गंमत म्हणजे सुनावणीत १८० जण बोलले त्यातले १२२ जण ती ठेवा म्हणणारे होते, तरी समितीनं काढायचीच शिफारस केली, आणि खटले होऊन १९८९ मध्ये एका रात्रीत ती कापून नेली. शिल्पाच्या बाजूनं बोलणारे बरेचसे कलाक्षेत्रातले होते आणि त्या चौकात डबा खाणारे वेगळे. कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचं नाही. पण सुनावणी भिंत उभी राहिल्यावर झाली, आधी नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग मी आर्किटेक्टला सांगितलं की मला दीड महिना द्या आणि तोपर्यंत शेड पाडू नका. त्यांनी साहेबांना कसं पटवलं माहीत नाही पण मिळाला. आठवड्यातनं तीन दिवस संध्याकाळी मी त्या शेडमध्ये जाऊन बसायची, बरोबर काही कागद नाही, नुसता थर्मासमध्ये चहा. पहिले दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे आण्णा आले, ते त्या गुऱ्हाळावर तीसएक वर्षं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, होते. आले ते सरळ काहिलीजवळ गेले आणि बोटाच्या पेरानं तिच्या काठावर टकटक केलं, मग दुसरीकडं टकटक केलं आणि म्हणाले, "इथं ठिगळ हाय, ऐक." आवाज खरंच वेगळा होता, एकीकडं भरीव आणि दुसरीकडं जरा फुटका. मी वाकून बघितलं तर तळाशी वीतभर पत्र्याचा तुकडा रिबेट मारून बसवलेला. ते रिबेट कुणी मारले, कुठल्या सालच्या हंगामात मारले, त्या दिवशी किती आधणं, म्हणजे काहिलीभर रसाच्या खेपा, वाया गेली, सगळं त्यांना पाठ.

त्यानंतर त्यांनी मला गूळ कसा उतरायचा ते तासभर सांगितलं. चरकातनं रस येतो, काहिलीत चढतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते ती काढत राहायची, चुलवाणात चिपाडं सारत राहायची, जाळ कमी नाही जास्त नाही. आणि मग शेवट, पाक तयार झाला का हे बघायला थोडासा पाक गार पाण्यात टाकायचा आणि बोटात त्याची गोळी वळते का बघायची. गोळी वळली की काहील उतरवायची, एक मिनिट उशीर झाला तर गूळ करपला. पूर्वी माणसं दांड्या घालून उचलायची, नंतर साखळीची कप्पी आली. काहील एका अंगाला कलती करायची आणि सगळा पाक गार करायच्या वाफ्यात. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात असे कलते केले, तो हाताचा कल मी त्याच रात्री वहीत काढून ठेवला, तेव्हा माहीत नव्हतं याचं पुढं काय होणार ते.

आण्णा रोज यायला लागल्यावर बाकीचे यायला लागले. आधी त्यांच्या वयाचे, मग पोरं, मग भाजी घेऊन परत जाणाऱ्या बायका पाच मिनिटं टेकायच्या. मी एकच गोष्ट विचारायची, तुम्ही दिवसभरात इथं कुठं थांबता. कला पाहिजे का, कसली पाहिजे, असलं काहीही नाही. आणि उत्तरं अशी आली की माझी तिन्ही चित्रं फाडून टाकावी वाटली. बायका म्हणाल्या केएमटी बसची वाट बघायला जागा नाही, उन्हात उभं राहावं लागतं. एका आजींना गुडघ्यामुळं कुठल्याच कट्ट्यावरनं उठता येत नाही, फार खाली असतात. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मी रोज क्लासला जातो तेव्हा हा कोपरा अंधारा असतोय, मी पळतच जातो." गाळ्यात दुकान घेतलेल्या एकाला सावली पाहिजे होती. बारा फुटी पैलवानानं यातलं एकही झालं नसतं.

तालमीची पोरं मात्र वेगळं म्हणत होती. त्यांना शाहू महाराजांचा पुतळा पाहिजे होता. यावर मी उडवाउडवी केली नाही कारण त्यांच्या मागणीत मनापासूनचं काहीतरी होतं. हे शहर पुतळ्यांचा अर्थ जाणणारं आहे, बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले ते भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं, आणि तेव्हा बाबासाहेब हयात होते. असं गाव पुतळा मागणारच. पण मी त्यांना दोन गोष्टी समोर बसून सांगितल्या. एक, सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानंतर सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर नवीन पुतळ्याला परवानगी देता येत नाही, आणि खासगी जागेत करायचा तरी राज्य सरकारच्या नियमावलीप्रमाणं परवानग्या काढाव्या लागतात. दोन, महाराजांचा पुतळा फ्लॅटच्या जाहिरातीसाठी गेटवर शोभेला बसवणं तुम्हाला तरी चालेल का. दुसऱ्या प्रश्नावर पोरं गप्प झाली. त्यातलाच एकजण म्हणाला, "मग महाराजांनी केलं तसं करू की, सगळ्यांना बसायला जागा." त्याच्या डोळ्यासमोर खासबाग होतं. १९१२ चं ते मैदान, बशीसारखा उतार, मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. पैलवानाऐवजी शेवटी आम्ही बसायचा कट्टा केला, त्याच्या पायऱ्या जो गोलाकार घेऊन आल्या तो तिथनं आला.

आता काहील. ती ठेवायची यावर सगळ्यांचं एकमत होतं, कशी ठेवायची यावर नाही. मी ती चुलवाणावर आहे तशी आडवी ठेवायचं काढलं. तेव्हा वस्तीतल्या आशाताई म्हणाल्या, "पावसाळ्यात यात पाणी साचणार, आणि मी डेंग्यूसाठी घरोघर जाऊन लोकांची पिंपं रिकामी करायला लावतो आणि इथं तुम्ही आठ फुटी पिंप ठेवणार." शंभर टक्के बरोबर. मी लगेच म्हणाले तळाला भोक पाडू, पाणी निघून जाईल. आण्णा उठून उभे राहिले. "काहिलीला भोक?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले, दोन दिवस आले नाहीत. मला नंतर कळलं की गुळव्याला काहिलीतनं गळती लागणं याच्यासारखी भीती दुसरी नाही, खाली जाळ असतो, पाक गळला तर माणूस भाजतो आणि आधण जातं. आयुष्यभर ज्या भोकाच्या भीतीनं रिबेट ठोकले ते भोक मी ड्रिलनं पाडायला निघाले होते.

पाणी साचायला नको आणि भोकही पाडायला नको, दोन्ही म्हणणी रास्त. तिसऱ्या दिवशी वही चाळताना तो हातांचा कल सापडला. काहील कलती ठेवली तर पाणी साचणारच नाही, काठावरनं निघून जाईल, आणि गूळ ओततानाची तिची जी अवस्था असते तीच ती. मी आण्णांच्या घरी गेले, चित्र दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेऊन कल जरा वाढवला, म्हणाले एवढ्यावर पाक पडतच नाही. आशाताईंनी बादलीभर पाणी ओतून बघायची अट घातली. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा तळात घोटभरही राहिलं नाही आणि तोच कल कायम केला. आज लोक त्या कामाची तारीफ करतात ती त्या कलामुळं, आणि तो माझ्या डोक्यातनं आलेला नाही, दोन माणसांच्या हरकतीतनं आलाय. लोकांच्या हरकती मी आधी अडचण म्हणून वहीत लिहायची, आता त्या पहिल्या पानावर लिहिते, कारण आकार त्यांच्यातच असतो.

आता जरा कागदोपत्री भाग, कारण असली कामं तिथंच मरतात. काहील आणि कट्टा बसवायचा कुठं? चार हजार चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला राज्याच्या बांधकामाच्या युनिफाइड नियमावलीप्रमाणं १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, बिल्डरचं म्हणणं तिथं करा. पण ती जागा गेटच्या आत, आणि गेटवर वॉचमन. म्हणजे ज्यांनी सगळं सांगितलं त्यांनाच आत जाताना वहीत नाव लिहावं लागणार. फुटपाथवर करता येत नाही, वर सांगितलं तेच कारण. शेवटी तोडगा असा की कोपऱ्यापुरती कंपाउंडची भिंत आत घ्यायची, जागा स्कीमचीच राहील पण भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडं उघडी. त्यासाठी मंजूर नकाशात बदल लागला आणि रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यात अशा बदलाला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, तोपर्यंत बरीच बुकिंग झालेली. मी आणि आर्किटेक्टचा मुलगा घरोघर फिरून सह्या घेतल्या, आणि खरं सांगते या फिरण्यात मला पहिल्यांदा नवीन येणारी माणसं भेटली. तोपर्यंत मी लोक म्हणजे फक्त जुनी वस्ती धरून चालले होते. एका ताईंनी ब्रोशर काढून दाखवलं, यात पैलवान होता तो कुठं गेला? त्यांचं बरोबरच होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना शेडमध्ये घेऊन गेले, आण्णांनी काहील वाजवून दाखवली, त्यांनी सही दिली पण पाठीला टेकायला काहीतरी करा असं सांगून.

कट्ट्याची उंची ड्रॉइंगवर ठरवली नाही. साइटवरच्या विटा रचल्या आणि गुडघेवाल्या आजींना बसवलं, एक थर काढ, एक घाल, शेवटी सव्वाफुटाच्या वर दोन बोटं ही उंची निघाली. एका भागाला पाठ, एका भागाला नाही कारण पोरांना दोन्ही बाजूला पाय सोडून बसायचं असतं. काळा दगड दिसायला छान पण दुपारी तापतो, म्हणून बसायची बाजू अशी धरली की तीननंतर इमारतीची सावली पडेल. लोखंडी काहीलही एप्रिलात चटका देते, तिच्याभोवती हात पोचणार नाही एवढा उसाच्या वाफ्यासारखा मातीचा पट्टा सोडला.

काहील हलवणं हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं. क्रेन आत वळत नव्हती. पोरं म्हणाली आम्ही बघतो, आणि त्यांनी गणपतीत मोठी मूर्ती ट्रॉलीवर चढवतात तशी फळ्या, पाइपचे रूळ, चेनब्लॉक आणि एकजण पुढं हात वर करून ओरडणारा, अशी दीड तासात ती जागेवर नेली. कोल्हापूरला एकत्र येऊन काम करायला शिकवावं लागत नाही. पावतीपुस्तक, वर्गणी, देखाव्यावरनं रात्री दोनपर्यंत वाद, हिशेब फळ्यावर, हे सगळं प्रत्येक गल्लीत दरवर्षी चालतं. आपण व्यावसायिक लोक तिथं प्रोजेक्टर घेऊन जातो आणि म्हणतो लोक पुढं येत नाहीत.

कट्ट्याच्या पुढच्या बाजूला बिडाची अक्षरं बसवली, उद्यमनगरात पॅटर्न करून घेतला आणि वाळूत ओतली. शब्द गुऱ्हाळाचे, चुलवाण, आधण, मळी, काकवी, वाफा, ढेप. चरक की घाणा यावर दोन म्हाताऱ्यांत अर्धा तास जुंपली, बैलांवरचा तो घाणा आणि इंजिनवरचा तो चरक असं एकाचं म्हणणं, दुसऱ्याचं म्हणणं दोन्ही एकच. दोन्ही शब्द ओतले. आण्णांना मी सल्ल्याचे पैसे बिलात धरून दिले, व्हाउचरवर सही घेऊन, साइट इंजिनिअरला ते जरा विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. आर्किटेक्टला फी असते, स्ट्रक्चरवाल्याला असते, ज्याच्या माहितीवर अख्खं काम उभं राहिलं त्याला नुसती शाल नारळ का?

जे जमलं नाही तेही लिहिते. साइटवर बांधकाम करणारी बाहेरगावची कुटुंबं सहा महिने त्याच शेडच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती, त्यांची पोरं रोज काहिलीत उड्या मारायची, आणि मी एकदाही त्यांच्या आईबापांना बोलावून बसवलं नाही. ती निघून गेल्यावर लक्षात आलं. काहिलीवर आतनं ज्या पांढऱ्या रेघा दिसतात त्या त्या पोरांच्या घसरण्याच्या आहेत, त्या मी पुसू दिल्या नाहीत पण विचारायचं राहिलं ते राहिलंच. दुसरं, धुराडं वाचवता आलं नाही, तडा गेलेला, पाडावं लागलं.

आणि दिव्याचं अजून चाललंय. कोपऱ्यावर दोन दिवे लावले पण मीटर सोसायटीचा, ताबा मिळाल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालं की बाहेरची माणसं रात्री बसतात आणि बिल आम्ही का भरायचं. जागा सगळ्यांसाठी उघडी राहील हे आम्ही सह्यांच्या कागदात लिहून घेतलं होतं, दिव्याचं बिल कोण भरणार हे लिहायचं सुटलं. एक महिना दिवे बंदच होते. ती क्लासवाली पोरगी तिच्या आईबरोबर कमिटीकडं गेली, मी पण गेले. सध्या गाळेवाले आळीपाळीनं बिल भरतायत, दिवाळीनंतर जनरल मीटिंग आहे, त्यात विषय घेतलाय आणि वस्तीतल्या दोघांना बोलवायचं ठरलंय. आशाताई येणार आहेत, दुसरं कोण ते अजून ठरायचंय.